जिन्याखालच्या सुरावटी, दहाला एक

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटून नको हं, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा.

एक छोटी खोली आहे. तिच्यात जमिनीपासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत खोकी रचली आहेत. वीस खोकी. प्रत्येक खोक्यात पंचवीस अल्बम, म्हणजे गाण्यांच्या चकचकीत तबकड्या, एकेका प्लास्टिकच्या डबीत घातलेल्या. वीस पंचवीस किती? बरोबर, पाचशे! पाचशेच्या पाचशे अल्बम एकाच माणसाचे. आणि महिनाभरात त्यांतले खपले किती, तर तीन!

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

"किंमत कमी केली असती," असंच म्हणालात ना? शाबास! आमच्या गणितमास्तरांनीही हेच केलं. म्हणून तर सगळा घोळ झाला.

मास्तरांनी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि चौतीस वर्षं मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून माउथ ऑर्गन वाजवला. पोरं डबे उघडून भोवती बसायची. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी पोरंही जिन्याखाली मास्तरांकडे बघायची. त्यामुळे मास्तरांची पक्की समजूत झाली की जगाला आपल्या सुरावटींची फार गरज आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारा सुरावटी ध्वनिमुद्रित केल्या. तबकड्या काढणारा कारखाना म्हणाला, "पाचशेच्या खाली आम्ही यंत्र सुरूच करत नाही." मास्तर म्हणाले, "पाचशे? कमी पडतील!"

(त्यांच्या मनात पुढे "हजार काढा" असंही आलं होतं. मला कसं माहीत, ते कृपया विचारू नका.)

हमालांनी खोकी आणून धाकट्या खोलीत रचली, ती नेमकी घरातल्या तबकडी वाजवायच्या यंत्रापुढे. यंत्र भिंतीत चिणल्यासारखं मागे गेलं. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. "आपण आपलंच काय ऐकायचं? लोक ऐकतील!"

लोकांनी तीन घेतले. तीनशेला एक या भावानं.

मग एका रविवारी सकाळी आजींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, जाहीर केलं. "माझी बहीण येतेय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, महिनाभर राहील. पुढच्या रविवारी दहाला पोचेल."

"येऊ दे की! आनंद आहे."

"ती झोपणार कुठे? खोक्यांवर? ती खोली मला रिकामी हवी. रविवारी साडेनऊला मी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर खपली तर तुमची, नाही खपली तर त्याची."

"भंगार?" मास्तर टेबलावर मूठ आपटत म्हणाले. टेबल जराही हललं नाही. आधी नुसती बशी ठेवली तरी डुगडुगायचं. हल्ली मात्र खडकासारखं घट्ट उभं होतं. "माझ्या सुरावटी भंगारात? एका आठवड्यात सगळ्या विकून दाखवतो! टिचके, पाटी आण!"

टिचकी म्हणजे त्यांची नात. चौथीतली. बोलता बोलता समोरच्याला प्रश्नाची अशी टिचकी मारायची की तो मागे सरकायचा. म्हणून हे नाव. ती पाटी घेऊन आली.

"हे बघ. दहा गवंडी एक भिंत सहा दिवसांत बांधतात. वीस गवंडी किती दिवसांत बांधतील?"

"तीन."

"वा! गवंडी दुप्पट, दिवस निम्मे. याला म्हणतात व्यस्त त्रैराशिक. तसंच इथे. भाव तीनशे तेव्हा गिऱ्हाइकं तीन. भाव दीडशे केला तर?"

"सहा."

"दहा केला तर?"

टिचकीनं पाटीवर खरडलं. "नव्वद."

"आणि दोन केला, तर साडेचारशे! बघितलंस? जगात बिनचूक असं एकच आहे, त्रैराशिक."

"पण आजोबा, तीन गिऱ्हाइकं महिन्याभरात आली. आपल्याकडे तर एकच आठवडा आहे."

"तो तपशील झाला," मास्तर म्हणाले, आणि पाटी पुसून टाकली.

सोमवारी ते चौकातल्या तबकड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं फळ्यावर लिहिलं, 'जिन्याखालच्या सुरावटी, आता निम्म्या किमतीत!' मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर वर्तमानपत्राआड लपून बसले. अर्ध्या तासात एक चष्मेवाले गृहस्थ आले आणि त्यांनी सरळ मास्तरांचा अल्बम उचलला! वर्तमानपत्राच्या वर दोन डोळे आले.

"काय बिघडलंय याच्यात?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही हो," दुकानदार म्हणाला.

"मग निम्म्यावर का आणला?"

"जास्त लोकांनी घ्यावा म्हणून."

"म्हणजे लोक घेत नाहीयेत."

"तसं नाही..."

"चरे पडलेत का?"

"नाही हो. नवा कोरा आहे."

"मग माणूसच बिघडलेला असेल." गृहस्थांनी डबीवरचा मास्तरांचा फोटो निरखला. मास्तर त्यात खिशाला पेन लावून दूर क्षितिजाकडे बघत होते. "तसा दिसतोच. राहू द्या."

दुसऱ्या बाई आल्या. त्यांना अल्बम आवडला. त्यांनी पैसेही काढले, आणि मग फळा वाचून परत पर्समध्ये टाकले. "गेल्या आठवड्यात तीनशेला होता ना? आज दीडशे. मग गुरुवारी येते. तोवर अजून उतरेल."

संध्याकाळपर्यंत अशा सात जणांनी गुरुवारचा वायदा केला. एकानंही अल्बम घेतला नाही. सहाऐवजी शून्य! मास्तर घरी आले तेव्हा टिचकी दारातच उभी होती.

"त्रैराशिक चुकलं?"

"त्रैराशिक चुकत नसतं. लोकांना ते येत नाही," मास्तर म्हणाले.

मंगळवारी भाव पंचाहत्तर झाला. आणि बुधवारी सकाळी दारात गाडी थांबली. मास्तरांच्या वर्गाचा एके काळचा मॉनिटर, आता गावातला मोठा डॉक्टर, सफरचंदांची पिशवी घेऊन उतरला. आला तो सरळ मास्तरांचं मनगट धरूनच बसला.

"जीभ दाखवा मास्तर."

"अरे, पण मला काय झालंय?"

"सगळ्या गावाला कळलंय मास्तर. मनाला लावून घेऊ नका. जीभ!"

मास्तरांनी जीभ दाखवली. मॉनिटरपुढे त्यांचं कधीच काही चाललं नव्हतं. तेवढ्यात एक बांधकाम कंत्राटदार आला, गणितात शंभरपैकी सात मिळवणारा. त्यानं लोकरीचं ब्लँकेट आणलं होतं आणि त्याचे डोळे पाणावले होते.

"मास्तर, माझं गणित इतकं कच्चं, तरी माझं बरं चाललंय. तुमचं एवढं पक्कं असून हे दिवस कसे आले?"

"कोणते दिवस?"

"स्वतःची कला पंचाहत्तरला विकायचे! माणूस अगदी गळ्याशी आल्याशिवाय असं करत नाही."

दिवसभर रीघ लागली. तेवीस जण आले. आजींनी चहाचं आधण उतरवलंच नाही. सगळ्यांनी हळहळून चहा घेतला, मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून आजींना विचारलं, "कधीपासून आहे हे?" अल्बम मात्र एकानंही घेतला नाही. एवढ्या अडचणीतल्या माणसाकडून पंचाहत्तरला वस्तू घ्यायची, म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं! गावातली माणसं सभ्य होती. सभ्यपणानं मास्तरांचा गळा कापून निघून गेली.

"आता बास!" ब्लँकेट भिरकावून मास्तर म्हणाले. "उद्यापासून दहाला एक!"

आणि काय सांगू मुलांनो! गुरुवारी दुपारी दुकानदार धापा टाकत आला. "मास्तर, झुंबड! चार खोकी संपायला आली!"

"किती गेले? नेमका आकडा सांग."

"नव्वद!"

मास्तर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "नव्वद! टिचके, पाटीवर काय आलं होतं?"

"नव्वद," टिचकी म्हणाली. तिलाही जरा धक्काच बसला.

संध्याकाळी मास्तरांनी ठेवणीतला कोट घातला आणि टिचकीचं बोट धरून गावात फेरी मारायला निघाले. आज खिडकीखिडकीतून आपल्या सुरावटी ऐकू येणार! त्यांनी नमस्कार स्वीकारायचा चेहराही करून ठेवला होता. (तसा एक चेहरा असतो. आरशापुढे बसवावा लागतो. पुन्हा तेच, कसं माहीत ते विचारू नका.)

पहिल्या खिडकीतून कुणीतरी खोकलं. दुसरीतून कुकरची शिट्टी. तिसरीतून नवराबायकोचं भांडण.

"जेवणानंतर ऐकत असतील," मास्तर म्हणाले.

मग शिंप्याचं दुकान लागलं. फळीवर मास्तरांच्या अल्बमच्या डझनभर डब्या ओळीनं मांडलेल्या. मास्तरांना भरून आलं.

"एवढे सगळे घेतलेस? ऐकलास का रे?"

"डबी काय सुरेख आहे हो मास्तर!" शिंपी एक डबी उघडत म्हणाला. आत शर्टाची पांढरी बटणं होती. "अशी डबी बाजारात पंधराच्या खाली मिळत नाही. आणि वरून दिसतं, आत काय आहे ते. फक्त तुमचा फोटो तेवढा काढावा लागला."

"आणि आतली तबकडी?"

"ती सायकलवाला घेऊन गेला."

सायकलवाल्यानं त्या चाकांच्या आऱ्यांत बसवल्या होत्या. "अंधारात कशा झगमगतात! पोरं वेडी झालीत मास्तर!" न्हाव्यानं गिऱ्हाइकाला मानेमागचा भाग दाखवायला एक दोरीला टांगली होती. चहावाल्याच्या प्रत्येक टेबलावर चार चार, आणि प्रत्येकीवर एकेक गरम ग्लास.

"ऐकलीस का?" मास्तरांनी चहावाल्याला विचारलं. आवाज फार बारीक झाला होता.

चहावाला बुचकळ्यात पडला. "ऐकायची असते होय ती?"

शुक्रवारभर मास्तर घराबाहेर पडले नाहीत. शनिवारी सकाळी नदीकाठचा द्राक्षबागवाला स्वतः घरी आला. आनंदानं त्याचा चेहरा फुलला होता.

"मास्तर, तुमच्या कलेपुढे हात टेकले! चाळीस टांगल्या बागेत. एक पाखरू फिरकत नाही! गेल्या वर्षी निम्मी द्राक्षं त्यांनीच खाल्ली होती. राहिलेल्या सगळ्या मला द्या. उद्या सकाळी गाडी आणतो."

"माझ्या सुरांनी पाखरं हाकलणार?" मास्तर ताडकन म्हणाले. "मुळीच नाही!"

"सुरांनी नाही हो. नुसत्या चकाकीनं!"

"त्याहून वाईट!"

आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, देऊन टाका की! भंगारापेक्षा द्राक्षं बरी."

बागवाला "उद्या येतोच" म्हणून गेला. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. त्यांना पैसे नको होते, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यांना एवढंच हवं होतं की चौतीस वर्षं जिन्याखाली जे वाजलं, ते कुणीतरी एकदा बसून ऐकावं.

टिचकी जवळ आली. "आजोबा, ते पहिले तिघं कोण होते?"

"कोणते?"

"ज्यांनी तीनशेला घेतला. त्यांनी डबीसाठी नसेल घेतला. त्यांना जाऊन विचारूया ना!"

मास्तरांचे डोळे लकाकले. खरंच की! पूर्ण किंमत मोजणारे तीन रसिक! दोघं तडक चौकात गेले. दुकानदार मात्र चुळबुळ करू लागला.

"गिऱ्हाइकाचं नाव सांगू नये, मास्तर."

"तू दुकानदार आहेस की वकील? सांग!"

"तिन्ही एकाच गिऱ्हाइकानं घेतले. आणि मास्तरांना कळू देऊ नका म्हणून बजावलंय."

एकच माणूस! तीन वेळा! गुपचूप! असा एक जरी श्रोता असला तरी आयुष्य सार्थकी लागलं! "नाव!" मास्तर गरजले. वर्गात गरजायचे तसेच.

दुकानदार सवयीनं उभा राहिला. "तुमच्या घरच्या बाई, मास्तर."

मास्तर घरी आले ते जवळजवळ तरंगतच. आजी टेबलाशी भाजी चिरत होत्या. मास्तर हळुवारपणे म्हणाले, "अगं, माझे तीन अल्बम तू घेतलेस?"

"सांगितलं का त्यानं? तोंडात तीळ भिजत नाही मेल्याच्या! पहिला घेतला, तुमचं तोंड एवढंसं झालं होतं म्हणून."

"आणि दुसरा?"

"पुढच्या आठवड्यात ते पुन्हा झालं."

"आणि तिसरा?"

आजींनी सुरीनं खाली बोट दाखवल्यासारखं केलं. मास्तर वाकले. टेबलाच्या एका पायाखाली एकावर एक तीन मास्तर, खिशाला पेन लावून, क्षितिजाकडे बघत होते.

"दोन पुरत नव्हते. जरासं डुगडुगायचं अजून."

"पण... ऐकला नाहीस?"

"एकेचाळीस वर्षं तुमचा बाजा ऐकतेय! सकाळ-संध्याकाळ, फुकट! तो विकत घेऊन कशाला ऐकू?"

मास्तर टेबलाखालीच बसून राहिले. टिचकीही आत शिरून शेजारी बसली.

"म्हणजे आजोबा, त्रैराशिकातला पहिला आकडाच चुकीचा होता. तीन नव्हते, शून्य होतं. शून्याला कशानंही गुणलं तरी..."

"कळलं गं बाई," मास्तर म्हणाले.

टिचकी म्हणाली, "मी ऐकते. मी एकदाही नाही ऐकला. यंत्र खोक्यांमागे अडकलंय ना!"

रविवारी सकाळी दोघांनी खोकी ओढून ओसरीत काढली. मागून धुळीनं माखलेलं यंत्र निघालं. टिचकीनं ते फुंकरलं, एक डबी उघडली, तबकडी घातली, आणि भिंतीला टेकून मांडी घालून बसली, मधल्या सुट्टीत पोरं बसायची अगदी तशी. मास्तर दारात उभे. आजीसुद्धा पदराला हात पुसत आल्या.

खरखर झाली. मग एक जाडजूड आवाज म्हणाला:

"नमस्कार! कुक्कुटपालन प्रशिक्षण केंद्र. धडा सातवा. कोंबडी अंड्यावर का बसत नाही?"

टिचकीनं डबी उलटून फोटो पुन्हा तपासला.

"कोंबडी अंड्यावर न बसण्याची कारणं अनेक आहेत," आवाज पुढे म्हणाला. मागे कुठेतरी कोंबडी ओरडली.

टिचकीनं दुसऱ्या खोक्यातली तबकडी लावली. धडा सातवा. पाचव्या खोक्यातली लावली. धडा सातवा! कारखान्यात अदलाबदल झाली होती. डब्या मास्तरांच्या, आतला माल कोंबड्यांचा. तीन हजार पायऱ्यांवरून कोसळल्यासारखं मास्तरांना वाटलं. महिनाभर! तीनशेला, दीडशेला, पंचाहत्तरला, दहाला! साऱ्या गावात नव्वदावर तबकड्या असूनही तक्रार करायला एकही माणूस आला नव्हता. कारण ऐकलीच नव्हती एकानंही. आणि खुद्द मास्तरांनीही!

आधी आजींना हसू फुटलं. मग मास्तरांना. हसता हसता ते ओसरीतल्या खोक्यावर बसले आणि खोकं त्यांच्यासकट खचलं. तशातच बागवाल्याची गाडी दाराशी आली.

"घेऊन जा!" मास्तर डोळे पुसत ओरडले. "सगळी घेऊन जा! पैसे नकोत, द्राक्षं पाठव! कोंबडीवाल्यानं पाखरं हाकलली तर माझी काही हरकत नाही!"

पावणेदहाला ओसरीही रिकामी झाली. भंगारवाला हात हलवत परत गेला. आजी पलंग सरकवायला लागल्या. मास्तर मात्र अजून हुंदक्यांसारखं हसत होते, आणि ते नुसतं हसूच होतं का, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

टिचकी यंत्रापाशीच बसून होती. तिनं तो धडा अगदी शेवटपर्यंत ऐकला. गावातली ती पहिलीच तबकडी, जी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकली. "अधिक माहितीसाठी आमचा पत्ता लिहून घ्या," जाडजूड आवाज म्हणाला. टिचकीनं तो पाटीवर लिहून घेतला.

"आजोबा, कोंबड्यांचा धडा आपल्याकडे आला. मग तुमच्या सुरावटी कुठे गेल्या?"

मास्तरांचं हसू थांबलं.

"पाचशे तबकड्या," ते हळूच म्हणाले. "पाचशे कोंबडीवाल्यांकडे."

"आणि ते ऐकायलाच घेतात. डबीसाठी नाही."

मग टिचकीनं काय केलं, सांगू? तिनं वहीचं मधलं पान फाडलं, टेबलाशी बसली आणि सुवाच्य अक्षरात पत्र लिहायला घेतलं. मास्तरांनी तिच्या खांद्यावरून वाचलं.

'कोंबडीवाले काका यांस नमस्कार. तुमचा सातवा धडा चुकून आमच्याकडे आला. तो मी पूर्ण ऐकला, चांगला आहे. आमच्या आजोबांची मधली सुट्टी चुकून तुमच्याकडे आली आहे. ती परत पाठवू नका. आधी ऐका. किंमत नंतर तुम्हीच सांगा.

ता.क. कोंबड्या अंड्यांवर बसायला लागल्या का, तेही कळवा.'